राजाचा शुश्रूषक : कोल्हापूर प्रकरणाची तिसरी बाजू



कोल्हापुरात उभे राहून कोल्हापूर प्रकरणाविषयी बोलावयाचे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देण्यासारखे आहे. आपणांपैकी अनेकांनी ही हकिगत आजोबांच्या तोंडून ऐकली असेल, शाळेच्या पुस्तकात वाचली असेल, टिळकांच्या किंवा आगरकरांच्या चरित्रात तिच्याशी गाठ पडली असेल. तेव्हा नवीन असे काय सांगणार, हा प्रश्न आपल्या मनात आला तर तो योग्यच आहे. माझे उत्तर एवढेच की, ही हकिगत आजवर दोन बाजूंनी सांगितली गेली. एक बाजू राजकारणाची आणि दुसरी छत्रपतींच्या घराण्याची. तिला तिसरीही एक बाजू आहे. ती रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाची. आज मी त्या तिसऱ्या बाजूने बोलणार आहे; आणि ती बाजू एकदा दिसली की १८८३ सालची गोष्ट आपल्या आजच्या गल्लीतली होऊन बसते, असा माझा अनुभव आहे.

प्रथम घडले काय ते थोडक्यात पाहू. १८७० साली राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्यामागे दत्तक घेतलेला मुलगा शिवाजी या नावाने गादीवर आला. कोल्हापूरच्या परंपरेत त्यांना चौथे शिवाजी महाराज म्हणतात. त्यांचा जन्म १८६३ सालचा, म्हणजे गादी मिळाली तेव्हा ते अगदी अजाण होते. आईबापांचे घर सुटलेले, भोवती कारभारी, शिक्षक आणि साहेब लोक. अशा वातावरणात हे मूल वाढले. पुढे महाराजांच्या वागण्यात फरक पडला आहे, त्यांचे चित्त ठिकाणावर नाही, अशी बोलवा झाली आणि सरकारनेही तसेच ठरविले. १८८२ साली कागलचे जयसिंगराव घाटगे यांस रीजंट नेमण्यात आले.

याच सुमारास पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे नुकतीच, म्हणजे जानेवारी १८८१ मध्ये, निघाली होती. महाराजांना वेड लागलेले नाही, त्यांचा छळ करून त्यांना वेडे ठरविण्यात येत आहे, अशा वार्ता पुण्यास पोहोचल्या. दिवाण महादेव वासुदेव बर्वे यांच्या नावावर मोडणारी काही पत्रे संपादकांच्या हाती आली व त्यांच्या आधारे या पत्रांनी बर्व्यांवर कडक टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. पत्रे खोटी ठरली. टिळक व आगरकर यांनी क्षमा मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले. ते १०१ दिवस आगरकरांनी पुस्तकरूपाने अमर करून ठेविले आहेत. या खटल्याच्या मदतीसाठी आपल्या राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी नाटक केले आणि त्यात गोपाळ कृष्ण गोखले नावाचा एक लाजरा विद्यार्थी होता, हेही आपणांस ठाऊक असेल. एक योगायोग मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. एका राजपुत्राच्या वेडापायी ज्यांना तुरुंग पाहावा लागला, त्या आगरकरांनी 'हॅम्लेट'चे मराठी रूपांतर 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध केले. राजपुत्राचे वेड खरे की सोंग, हा ज्या नाटकाचा गाभा, तेच त्यांनी निवडावे यात मला तरी नुसता योगायोग दिसत नाही.

संपादक सुटले, महाराज मात्र सुटले नाहीत. १८८३ साली त्यांना अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, नेऊन ठेवण्यात आले. त्यांच्या तैनातीस, किंवा खरे बोलायचे तर त्यांच्यावर, ग्रीन नावाचा एक गोरा शिपाई नेमलेला होता. २५ डिसेंबर १८८३ रोजी, ऐन नाताळात, महाराज आणि ग्रीन यांची झटापट झाली आणि तीत झालेल्या इजेने महाराजांचा अंत झाला. वय अवघे वीस वर्षांचे! पुढे १७ मार्च १८८४ रोजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी कागलच्या यशवंतरावांना दत्तक घेतले आणि तेच आपले शाहू छत्रपती झाले. घराण्याचा इतिहास येथे उजळतो आणि त्या उजेडात अहमदनगरची ती अंधारी खोली मागे पडते.

आता या प्रकरणावर गेली सव्वाशेहून अधिक वर्षे जो वाद चालू आहे, तो एकाच प्रश्नाभोवती फिरतो. महाराज खरोखर वेडे होते की नव्हते? कोल्हापूरच्या जनतेचे मत एक होते, सरकारी दप्तराचे दुसरे. मी या वादात निवाडा देणार नाही. दीडशे वर्षांमागच्या माणसाची नाडी व्यासपीठावरून तपासता येत नसते. पण मी आपणांस एक साधा विचार करावयास सांगतो. क्षणभर धरून चाला की महाराज आजारी होते. मग त्यांच्याजवळ आजार ओळखणारा, चिडलेल्या रुग्णाला शांत करणारा, अंगावर धावून आला तरी इजा न करता सावरणारा माणूस हवा होता. आता उलट धरून चाला की महाराज आजारी नव्हते. मग तर असा जाणता माणूस जवळ असता, "हा मनुष्य आजारी नाही, याला एकांतात कोंडून याची अवस्था तुम्ही बिघडविता आहात," असे पहिल्यांदा तोच म्हणाला असता. रात्रंदिवस जो जवळ असतो त्याच्याइतके डॉक्टरालाही कळत नाही. तात्पर्य, वादाचा निकाल कसाही लागो, जी उणीव होती ती एकच राहते. म्हणून माझा प्रश्न असा की, ग्रीनला कोणी काय शिकविले होते? शिपायाला शत्रू कसा पाडावा हे शिकवितात. तेवढ्याच शिदोरीवर त्याला एका दुःखी तरुणाच्या उशाशी बसविले गेले. जे शिकला होता तेच त्याच्या हातून घडले.

कोणी म्हणेल, त्या काळी असले शिक्षण होतेच कुठे? ते नुकतेच आकार घेत होते, आणि त्याची कथा मोठी मनोरंजक आहे. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात वेड्यांच्या बेड्या काढल्याचे श्रेय पिनेल या डॉक्टराला देतात. वस्तुतः तेथील बेड्या १७९७ साली काढल्या त्या प्यूसँ नावाच्या तेथल्या देखरेख्याने. हा प्यूसँ डॉक्टर नव्हता. गंडमाळेचा रुग्ण म्हणून तो त्याच इस्पितळात आला होता आणि बरा झाल्यावर तेथेच चाकरीस राहिला. रुग्ण असताना कसे वाटते हे ठाऊक असलेला हा माणूस! पिनेलने स्वतः त्याच्यापासून आपण शिकलो असे मोकळेपणाने लिहून ठेविले. १७९६ साली इंग्लंडात यॉर्क येथे ट्यूक घराण्याने मारहाणीऐवजी ममतेवर चालणारे निवासस्थान उघडले. १८५४ साली स्कॉटलंडात ब्राउन नावाच्या डॉक्टराने आपल्या इस्पितळातील परिचारकांपुढे व्याख्याने दिली. आणि १८८५ साली, म्हणजे अहमदनगरच्या घटनेनंतर दोनच वर्षांनी, चार स्कॉटिश डॉक्टरांनी लिहिलेले परिचारकांसाठीचे पहिले छोटे पाठ्यपुस्तक विलायतेत निघाले. शरीराची रचना, आजाऱ्याची शुश्रूषा, मन व त्याचे विकार, मनोरुग्णाची निगा, परिचारकाची कर्तव्ये असे त्याचे साधे भाग होते. १८९१ पासून त्यावर परीक्षा होऊन प्रमाणपत्रेही मिळू लागली. या पुस्तकाचा आणि आपल्या महाराजांचा काही संबंध होता असे मी म्हणत नाही. पण ज्या राज्यकर्त्यांच्या देशात हे ज्ञान उगवत होते, त्यांनी एका छत्रपतीच्या वाट्यास त्याचा कणही येऊ दिला नाही, ही नोंद इतिहासाने केली पाहिजे.

आणि आपल्या गावाला हे समजावयास विलायतेस जाण्याची गरज तरी काय? तालमीतला वस्ताद हे जाणतो. नव्या पोराला तो आधी पकड शिकवितो, पण त्याच्याबरोबर पकड कुठे सैल करावी तेही शिकवितो. समोरच्याची मान, मणका, पोट कसे राखावे हे ज्याला कळत नाही त्याला वस्ताद मातीत उतरू देत नाही. जोर सगळ्यांजवळ असतो. जोर आवरणे शिकवावे लागते. जे मातीत खरे तेच रुग्णाच्या खोलीत खरे आहे.

आता आपल्या देशात पुढे काय झाले ते पाहा. १८५८ सालच्या कायद्याने वेड्यांची इस्पितळे उभारण्याची रीत घातली होती. कोकणात रत्नागिरीस असे इस्पितळ १८८६ साली सुरू झाले. पुढे १९१२ चा कायदा आला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पाट्याही बदलल्या. 'वेड्यांचे इस्पितळ' जाऊन 'मनोरुग्णालय' आले. पण पाटीच्या आत जो रखवालदार होता तो रखवालदारच राहिला. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला, आणि शिक्षण म्हणाल तर मागच्या रखवालदाराने दिले तेवढे. १९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा हिंदुस्थानात सुमारे ४०,००० लोकांमागे मनोरुग्णालयात एक खाट होती. इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे एक. खाटाच नाहीत तेथे शिकलेले परिचारक कोठून असणार? १९५४ साली बंगलोरास अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि पुढे तेथे परिचारिकांना या विषयाचे खास शिक्षण मिळू लागले. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक वेगळीच वाट काढली. त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांनाच आवारात तंबूंत आणून ठेवले. आई, भाऊ, पत्नी यांनी रुग्णाजवळ राहावे, डॉक्टरांचे ऐकावे, इतर घरांतील हाल पाहावेत आणि शिकून घरी जावे. शुश्रूषकांची वाण होती, तेव्हा त्यांनी घरचीच माणसे शुश्रूषक केली. मला तर या एका कल्पनेत आपल्या देशाची सारी गरज आणि सारी ताकद दिसते.

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानास आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे जळून गेले. त्यांना आणून ठेवणारे नातेवाईक दुष्ट होते काय? मुळीच नाही. ते थकलेले होते, भ्यालेले होते आणि याहून वेगळे काय करावे हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. आपल्याकडेही नरसोबाच्या वाडीस बाधा उतरावी म्हणून माणसांना घेऊन येणारी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांच्या श्रद्धेची टवाळी करणे सोपे आहे. पण त्या आईच्या मनातली विवंचना ज्याला दिसत नाही, त्याला या विषयात बोलण्याचा अधिकार नाही. तिला मारहाण नको, साखळी नको, आणि देवाबरोबर डॉक्टरही हवा, एवढे ममतेने सांगणारे कोणी भेटले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे मना केले आहे, आणि आवरणे भागच पडले तर ते तात्कालिक धोका टाळण्यापुरते व तज्ज्ञाच्या संमतीने, असे बजाविले आहे. अहमदनगरच्या खोलीत १८८३ साली जो नियम हवा होता तो कागदावर यावयास १३४ वर्षे लागली. पण कायदा हात कसा धरू नये हे सांगतो. कसा धरावा हे शिक्षकालाच सांगावे लागते.

हे शिक्षण आता कोणत्या रूपात आले आहे? अपघातात जखम झाली तर डॉक्टर येईपर्यंत काय करावे, हे प्रथमोपचाराचे शास्त्र आपण जाणतो. इंग्लंडात १८७७ साली सेंट जॉन संस्थेने ते सामान्य लोकांस शिकविण्यास आरंभ केला. मनाच्या जखमेसाठी असेच शास्त्र २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि त्यांचे पती प्राध्यापक अँथनी जॉर्म यांनी रचले. किचनरबाई परिचारिका, आणि स्वतः तरुणपणापासून नैराश्याचा आजार भोगलेल्या. प्यूसँची आठवण होते ना? जो सोसतो तोच पुढे शिकवितो. त्यांची शिकवण फार सोपी आहे. माणसाजवळ जा, त्याला विचारा आणि जिवाचा धोका आहे का पाहा. दोष न देता ऐका. धीर द्या व खरी माहिती द्या. डॉक्टरकडे जाण्यास प्रवृत्त करा. आणि घर, मित्र, शेजार यांचा आधार जोडून द्या. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचा भार हलका होतो, हेही त्यात शिकवितात. आपल्याला मात्र हा प्रश्न तोंडावर आणणे म्हणजे अशुभ वाटते, आणि त्या संकोचात वेळ निघून जाते.

"पण हे सारे गोऱ्यांच्या देशातले, आमच्या मुलखात चालेल काय?" असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळाले आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून दवाखान्यांत नेमले. नैराश्य आणि चिंता यांनी पिडलेल्यांशी त्यांनी बोलावे, समजूत घालावी, पाठपुरावा करावा, एवढेच काम. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी दवाखान्यांत असा सोबती लाभलेल्या रुग्णांपैकी शेकडा सुमारे ६६ सहा महिन्यांत बरे झाले, न लाभलेल्यांत सुमारे ४२. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. तेथील डॉक्टर बहुधा आपल्या रुग्णांना वेळ देतच होते. म्हणजे जेथे गर्दी अधिक आणि वेळ कमी, तेथेच या माणसाची किंमत जास्त. पुढे स्किझोफ्रेनियासारख्या बिकट आजारातही असा प्रयोग गोवा, तामिळनाडू आणि आपला शेजारी सातारा येथे झाला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. लाभ दिसला, पण तो बेताचाच होता. मला ही बेताची यशस्विताही विश्वासार्ह वाटते. चमत्कार सांगणारा मांत्रिक असतो. शास्त्र जेवढे मिळाले तेवढेच सांगते.

यावर आणखी एक आक्षेप असा की, अर्धवट वैद्य जिवाला धोका. खरे आहे. म्हणून या शिक्षणाचा पहिला धडा आपली मर्यादा ओळखण्याचा असतो. प्रथमोपचार करणारा हाड बसवीत नाही, ते हलू देत नाही. मनाचा प्रथमोपचार करणारा निदान करीत नाही, औषध देत नाही. तो रुग्णाला एकटे पडू देत नाही आणि योग्य दारापर्यंत नेतो. दुसरा मुद्दा शुश्रूषकाच्या स्वतःच्या मनाचा. ग्रीनविषयी मी कठोर बोललो. पण त्याला त्या जागी बसविणारे त्याच्याहून अधिक जबाबदार होते, हे न्यायबुद्धीने म्हटले पाहिजे. आज घरोघरी आजारी म्हाताऱ्यांजवळ बारा बारा तास बसणाऱ्या मावश्या पाहा. त्यांना वेळेवर पगार, रजा, आणि "मला आज सहन होत नाही" असे सांगण्यास एखादी जागा असते काय? थकलेल्या हातांकडून कोमलतेची अपेक्षा करणे हा एक प्रकारचा अन्यायच आहे.

आपल्या जिल्ह्याला हे सारे किती जवळचे आहे पाहा. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेने आणि कृष्णेने घरे बुडविली. शिरोळ तालुक्यात, चिखली-आंबेवाडीत पाणी ओसरल्यावर भिंती दिसू लागल्या. पण गोठ्यातली जनावरे गेली, उभा ऊस गेला, आणि गप्प बसून राहिलेली माणसे मागे उरली. तरुण मंडळांनी आणि तालमींनी भाकरी पोहोचविली, पाणी पोहोचविले, हे कोल्हापूरला शोभेसेच झाले. त्या गप्प बसलेल्या माणसाजवळ बसावे कसे, हेही त्या पोरांना शिकविलेले असते तर? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली अशा आपत्तींसाठी तीनच शब्दांचा मंत्र दिला आहे. बघा, ऐका, जोडून द्या. तो तालमीच्या भिंतीवर लिहिण्याजोगा आहे. आशा स्वयंसेविका २००५ पासून गावागावांत आहेत आणि अलीकडे त्यांच्या शिक्षणात मानसिक आजारांचाही समावेश झाला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलि-मानस' सेवा चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते. साधने हळूहळू येत आहेत. उरतो तो प्रश्न आपला. वसतिगृहाचा रेक्टर, वृद्धाश्रमातील सेवक, अंगणवाडीताई, इस्पितळातील वॉर्डबॉय, घरची सून, यांना कोणी शिकविणार की नाही?

असो. नगराची स्मारके आपण दगडांची उभारतो. चौथ्या शिवाजी महाराजांसाठी एखादे स्मारक करावयाचे झाले तर कोणते करावे, असा विचार माझ्या मनात अनेकदा आला. मला वाटते, या गावात दरवर्षी शंभर माणसे तरी दुखावल्या मनाजवळ कसे बसावे हे शिकून तयार व्हावीत. त्याहून योग्य स्मारक मला दिसत नाही. ज्या राजाला राजवाडा होता, खजिना होता, प्रजेचे प्रेम होते, पुण्याची दोन वर्तमानपत्रे ज्याच्यासाठी तुरुंगात गेली, त्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्या खोलीत एक शहाणा शुश्रूषक मात्र नव्हता. तो आपल्या शेजारच्या घरात तरी असावा, एवढेच आजच्या व्याख्यानाचे मागणे आहे.